चाळीस पुस्तकं वाचली, तरी टीमसमोर तोंड उघडत नाही

तुझा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं की हा पुस्तकांची लिस्ट मागतोय, दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की लिस्ट याच्याकडे आधीच आहे आणि तीच याच्या गळ्यात अडकलीय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. गोव्यातल्या डिचोलीचा २९ वर्षांचा मुलगा, वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत कामाला, आठ महिन्यांपूर्वी सुपरवायझर झाला, हाताखाली १४ माणसं. दोन वर्षांत ४० पुस्तकं वाचली. सवयींची, पहाटे पाचला उठायची, श्रीमंत व्हायची, लीडरशिपची. पिवळ्या पेनाने रेघा मारल्या, वहीत नोट्स काढल्या. तरीसुद्धा एक वयाने मोठा ऑपरेटर त्याचं ऐकत नाही आणि त्याला काही बोलायची याची हिंमत होत नाही. घरी वडील म्हणतात ही इंग्रजांची पुस्तकं फेकून दे, दासबोध वाच. आणि शेवटी विचारलंय, आता कुठलं पुस्तक वाचू, आणि देवावर श्रद्धा ठेवून चांगला लीडर होता येतं का, की श्रद्धा म्हणजे कमजोर माणसाची काठी.

मी तुला तू म्हणते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे, राग मानू नको. मी ३१ वर्षं कारखान्यात काढली, तीही पॅकिंग हॉलमध्ये. कार्टनमध्ये गोळ्यांच्या स्ट्रिप भरणारी मुलगी म्हणून लागले, मग लाइन इन्चार्ज, शेवटची नऊ वर्षं पूर्ण पॅकिंग सेक्शन माझ्याकडे होता. आता रिटायर होऊन फोंड्याजवळ गावी असते, कोणी बोलावलं तर नवीन सुपरवायझर मुलांशी बोलायला जाते, आणि गावात आम्ही आठ-दहा बायका मिळून पुस्तकं वाचतो. म्हणजे मी काही मोठी तज्ज्ञ वगैरे नाही, पण तू ज्या खड्ड्यात आहेस तो खड्डा मला आतून माहीत आहे.

आधी खरा प्रॉब्लेम काय ते बघू. तूच लिहिलंयस की १४ पैकी १३ जण ऐकतात. म्हणजे तुला लीडरशिप येत नाही असं नाही, तुला एक बोलणं करायचं आहे जे तू आठ महिने टाळतोयस. आणि ते टाळता यावं म्हणून दर महिन्याला एक-दोन नवीन पुस्तकं घेतोस. पुस्तक विकत घेतलं की वाटतं आपण काहीतरी केलं, वाचताना तर अजूनच वाटतं, छाती भरून येते, उद्यापासून मी वेगळा माणूस. आणि सकाळी कंपनीच्या बसमधून उतरलास की तोच हॉल, तोच मशीनचा आवाज, तोच माणूस तुझ्याकडे न बघता पुढे जातो. ही नशा मी पण केलीय म्हणून ओळखते.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या आधीच सांगून टाकते, नाहीतर माझं उत्तर पण त्या पुस्तकांसारखंच होईल. तो ऑपरेटर कायम आहे की कॉन्ट्रॅक्टवर, तुझी जागा त्याला मिळायची होती का, तुझ्या वरचा मॅनेजर तुझ्या पाठीशी उभा राहतो की दोघांनाही वेगवेगळं गोड बोलतो, हे मला माहीत नाही. वरचा माणूसच जर दुतोंडी असेल तर कुठलंही पुस्तक आणि कुठलाही देव तिथे फार उपयोगाचा नाही, तिथे दुसरी नोकरी शोधणं हाच शहाणपणा असतो आणि त्यात कमीपणा काही नाही. दुसरं, तू लिहिलंयस झोप लागत नाही. ती कधीकधी लागत नसेल तर ठीक, पण आठवडेच्या आठवडे असं चाललं असेल, छातीत धडधडत असेल तर हा पुस्तकाचा विषय नाही, डॉक्टरचा आहे. बांबोळीला सरकारी मानसोपचार इस्पितळ आहे, किंवा टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, लाजू नको.

आता माझी गोष्ट. लाइन इन्चार्ज झाले तेव्हा कोणीतरी मला ते माणसं जोडण्याचं जगप्रसिद्ध पुस्तक दिलं, डेल कार्नेगीचं, मूळ १९३६ सालचं, मराठीत भाषांतर मिळायचं. मी झपाटून वाचलं. त्यात सांगितलंय की माणसाला नावाने हाक मारा, त्याचं मनापासून कौतुक करा, त्याच्याबद्दल विचारा. झालं, दुसऱ्या दिवसापासून मी सुरू. प्रत्येकीला नावाने हाक, वा काय छान काम, घरी सगळे बरे ना. चौथ्या दिवशी एक सासष्टीची बाई, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, हातातली स्ट्रिप खाली ठेवून म्हणाली, "बाय, आज कितें जाय तुका?" म्हणजे आज तुला पाहिजे तरी काय! सगळ्या लाइनवर हशा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गंमत अशी की त्याच पुस्तकात कार्नेगीने स्पष्ट लिहिलंय की खरं कौतुक वेगळं आणि खुशामत वेगळी, आणि खुशामत पकडली जाते. ते पान मी वाचलं होतं, खाली रेघ पण मारली होती! म्हणजे पुस्तक बरोबर होतं, मी त्यातलं माझ्या सोयीचं तेवढं उचललं. मला कौतुक करायचं नव्हतंच, मला त्या बायकांनी माझं ऐकायला हवं होतं. आणि याचा माणसाला लगेच वास येतो, विशेषतः ज्याने आयुष्यभर पात्रांव म्हणजे मालक लोकांच्या हाताखाली काम केलंय त्याला.

तुझ्या वडिलांबद्दल. त्यांचं अर्धं मला पटतं. दासबोधाचे वीस दशक, प्रत्येकात दहा समास, म्हणजे दोनशे समास. रोज एक वाचला तर सात महिन्यांच्या आत संपतो, तेव्हा जाड ग्रंथ म्हणून घाबरायचं कारण नाही. आणि दुसऱ्या दशकाचा दहावा समास तर तू आधी वाच, पढतमूर्खाची लक्षणं. त्याच दशकाच्या सुरुवातीला साध्या मूर्खाची लक्षणं येतात आणि शेवटी ही शिकलेल्या मूर्खाची. ज्याने पुष्कळ वाचलंय, दुसऱ्याला ज्ञान सांगतो, आणि स्वतः मात्र त्यातलं काहीच करत नाही, तो. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा सरळ माझाच फोटो वाटला. पण वडिलांना हेही सांग, भांडून नाही, हसत सांग, की दासबोध नुसता वाचून न वागणारा पण त्याच यादीत बसतो. ग्रंथ परका असो की आपला, पढतमूर्ख व्हायची सोय दोन्हीकडे सारखीच आहे.

आणि रामदासांचं एक मला कारखान्यात फार उपयोगी पडलं, अकराव्या दशकात ते क्रम लावतात, पहिलं हरिकथा निरूपण, दुसरं राजकारण, तिसरं सावधपण सगळ्या विषयांत. लोक पहिल्या दोनवर भाषणं करतात, तिसरं विसरतात. सुपरवायझरचं काम म्हणजे ऐंशी टक्के हे तिसरंच आहे रे. कुठल्या मशीनचा आवाज आज वेगळा येतोय, कोण आज गप्प आहे, कोणाचं लक्ष घड्याळाकडे आहे.

आता वाचायचं कसं हे सांगते. माझ्या सासूबाई दरवर्षी गुरुचरित्राचं सप्ताह पारायण करायच्या. सात दिवस, ठरलेली वेळ, ठरलेला पाट, जेवणाखाण्याचे नियम, आणि दरवर्षी तोच ग्रंथ. मी नवीन सून, मनात म्हणायचे की यांना गोष्टी पाठ आहेत तरी परत काय वाचतात. वीस वर्षांनी कळलं की त्या माहितीसाठी वाचतच नव्हत्या. त्या स्वतःला वर्षातून एकदा त्या ग्रंथासमोर उभं करत होत्या. आपण चाळीस पुस्तकं एकेकदा वाचतो आणि एकाही पुस्तकाला आपल्याला परत बघायची संधी देत नाही.

पण खरं सांगायचं तर नुसतं परत परत वाचून पण भागत नाही. रोडिगर आणि कार्पिकी नावाच्या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग छापला होता, विद्यार्थ्यांना एक उतारा दिला, काहींनी तो परत वाचला, काहींनी पुस्तक बंद करून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलेलं. पिवळ्या रेघांचं पण तेच आहे, त्या दिवशी वाटतं सगळं आलं. आपले कीर्तनकार बघ, बुवा समोर पुस्तक धरून कीर्तन करत नाहीत, आठवून सांगतात, म्हणून त्यांच्यात ते मुरतं. तेव्हा आमच्या बायकांच्या ग्रुपमध्ये एक नियम आहे, पुस्तक घरी ठेवून यायचं. काय वाचलं ते तोंडी सांगायचं, आणि त्यातलं या आठवड्यात काय करून बघितलं तेही. पहिले दोन महिने सगळ्या गप्प बसायच्या, भयाण शांतता, चहा मात्र भरपूर संपायचा.

एकावेळी एकच गोष्ट घे. बेंजामिन फ्रँकलिनने आत्मचरित्रात लिहिलंय की त्याने तेरा गुणांची यादी केली होती, आणि दर आठवड्याला एकाच गुणावर लक्ष ठेवायचा, तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. वहीत चुकीला काळा ठिपका. आणि मला आवडतं ते हे की तो कबूल करतो की व्यवस्थितपणा त्याला शेवटपर्यंत जमला नाही. एवढा मोठा माणूस, आणि सरळ लिहितो की वस्तू, कागद जागच्या जागी ठेवणं आपल्याला फार कठीण गेलं! तुझ्या त्या चाळीस पुस्तकांत असं कबूल करणारे किती होते? नसतील तर त्या पुस्तकांवर मी जरा कमीच विश्वास ठेवीन. ज्याने पहाटे उठून करोड कमावले तो पुस्तक लिहितो, पहाटे उठून ज्याला काहीच मिळालं नाही तो लिहीत नाही, एवढं लक्षात ठेवून वाच.

हे झालं वाचण्याचं. पण मी लीडरशिप शिकले ती पुस्तकातून नाही, एका चुकीतून शिकले, आणि ती सांगायला मला आजही लाज वाटते.

तू औषधाच्या कंपनीत आहेस म्हणजे लाइन क्लिअरन्स तुला माहीत असणार, बाकीच्यांसाठी सांगते. एक औषध पॅक करून झालं आणि दुसरं सुरू करायचं असलं की आधीच्याचं काहीही लाइनवर राहता कामा नये. एक गोळी नाही, एक कार्टन नाही, एक लेबल नाही. बेल्टखाली, डब्यात, मशीनच्या मागे सगळीकडे वाकून बघायचं, मग ऑपरेटर सही करते, मग इन्चार्ज, मग क्वालिटीवाले. त्या दिवशी माझी शिफ्ट संपत आलेली, बाहेर बस हॉर्न मारत होती, आणि ऑपरेटर मुलगी म्हणाली, सगळं काढलंय. मी सही केली. वाकले नाही. कार्टन मशीनच्या फीडरमध्ये आधीच्या औषधाच्या माहितीपत्रकांचा एक गठ्ठा तसाच होता. दुसऱ्या शिफ्टमध्ये तासाभराने तपासणीत सापडलं, म्हणजे बाहेर काही गेलं नाही, पण त्या तासातले सगळे कार्टन हाताने उघडून बघावे लागले. दोन दिवस लागले.

आणि ते दोन दिवस मी काय केलं? गप्प बसले. रिपोर्टमध्ये ऑपरेटरची चूक असं जात होतं, मी ते जाऊ दिलं. ती मुलगी कॉन्ट्रॅक्टवर होती, पेडण्याहून यायची, दोन बस बदलून. मी त्या वेळी लीडरशिपची तीन पुस्तकं वाचून संपवली होती, तीनही घरात टेबलावर होती.

तू श्रद्धेबद्दल विचारलंस ना, तर श्रद्धेचा माझ्या आयुष्यातला उपयोग मला त्या संध्याकाळी कळला. मी रोज सांजवात लावते, ती त्या दिवशीही लावली, आणि हात जोडून नेहमीचं म्हणायला गेले तर शब्दच निघेनात. काही चमत्कार नाही, आकाशवाणी नाही. फक्त एवढंच की तिथे खोटं घेऊन उभं राहता येईना. बाहेर मला कोणी काही विचारत नव्हतं, मॅनेजर नाही, ती मुलगी पण नाही, तिला तर वाटत होतं की चूक खरंच तिची एकटीची आहे. माझ्याकडे जी काही श्रद्धा आहे ती बस एवढं करते, मला माझ्यापासून पळू देत नाही. तुझ्याकडे त्या जागी दुसरं काही असेल, आईचा चेहरा असेल, स्वतःला दिलेला शब्द असेल. माझ्या सेक्शनला एक मेकॅनिक होता, देव अजिबात मानत नव्हता, तोंडावर सांगायचा, आणि इतका सरळ माणूस मी दुसरा बघितला नाही. म्हणून श्रद्धा असल्याशिवाय लीडर होता येत नाही असं मी म्हणणार नाही.

तिसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं की सही माझी होती आणि मी वाकून बघितलं नव्हतं. रिपोर्ट बदलायला लावला. मॅनेजर भडकला, मला लेखी मेमो मिळाला, त्या वर्षी माझी वाढ कमी आली. ती मुलगी माझ्याशी महिनाभर बोलली नाही, आणि तिचं बरोबरच होतं, मी दोन दिवस उशिरा बोलले होते. सिनेमात असतं तसं कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत.

पण साधारण तीन-चार आठवड्यांनी एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. बायका स्वतःहून येऊन सांगायला लागल्या. बाय, ही फॉइल जरा तिरकी जातेय. बाय, मघाशी माझ्याकडून एक स्ट्रिप खाली पडली ती मी परत टाकली, काढू का. पूर्वी हे कधीच माझ्या कानावर यायचं नाही. माझ्या लाइनचं चुकांचं रजिस्टर फुगायला लागलं आणि मॅनेजर म्हणाला तुझ्या लाइनवर चुका वाढल्यात. मी सांगायचा प्रयत्न केला की चुका तेवढ्याच आहेत, फक्त आता लिहिल्या जातायत, त्याला पटलं नाही. पुष्कळ वर्षांनी वाचलं की हार्वर्डच्या एमी एडमन्सन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला होता तेव्हा त्यांना पण असंच उलटं दिसलं, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त. कारण तिथे लोक चूक सांगायला घाबरत नव्हते. ते वाचलं त्या दिवशी मी एकटीच स्वयंपाकघरात मोठ्याने हसले. मॅनेजर रिटायर होऊन गेला होता, नाहीतर फोटो काढून पाठवला असता!

श्रद्धेच्या बाबतीत अजून दोन गोष्टी सांगते, कारण त्या पुस्तकांमुळे गोंधळ फार झालाय. एक, मनापासून मागा म्हणजे विश्व देतं अशी जी पुस्तकं आहेत ती मी बाजूला ठेवीन. आम्ही दसऱ्याला मशीनला हार घालायचो, नारळ फोडायचो, मला ते आवडायचंही. आमचा एक कॅथलिक ऑपरेटर रोज मशीन सुरू करायच्या आधी क्रूसाची खूण करायचा. पण हारामुळे बेअरिंग फिरत नाही, त्याला ग्रीस लागतं, आणि ग्रीस घालायला सगळ्यात आधी तोच जायचा. आणि दुसरं गीतेबद्दल, फळाची अपेक्षा करू नको हे वाक्य किती मॅनेजर लोकांनी वापरलंय! फळाची अपेक्षा नको हे स्वतःला सांगायचं असतं, हाताखालच्या माणसाच्या ओव्हरटाइमबद्दल नाही. तू सुपरवायझर आहेस, त्यांच्या फळाची काळजी करणं तुझं कामच आहे.

जाता जाता, गोव्यात धर्मावरून पुस्तकं आपली-परकी करणाऱ्यांना मी नेहमी सांगते की फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्रींनी १६१६ साली इथेच क्रिस्तपुराण छापलं, ख्रिस्ताची कथा आणि छंद आपला ओवीचा, भाषा मराठी, लिपी रोमन. चारशे वर्षांपूर्वी इथे ज्ञान असं इकडून तिकडे जात होतं. तेव्हा दासबोध की इंग्रजी पुस्तक, हे भांडण तू घरात करूच नको.

रॉबर्ट ग्रीनलीफ नावाचा माणूस होता, अमेरिकेतल्या मोठ्या टेलिफोन कंपनीत आयुष्य काढलेला, त्याने १९७० मध्ये निबंध लिहिला की जो आधी सेवक असतो तोच खरा नेता होतो. सगळ्या ट्रेनिंगमध्ये हे सांगतात आणि सगळे माना डोलावतात. मला ते कळलं वास्कोच्या दामोदर सप्ताहात. तू गेला असशील, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी भजन सुरू होतं ते चोवीस तास अखंड. एक पथक गातं, त्यांची वेळ संपत आली की दुसरं येऊन बसतं, आणि मधे सूर तुटत नाही. जाणारे लगेच उठून जात नाहीत, येणाऱ्यांचा ठेका बसेपर्यंत टाळ धरून राहतात. मी तिथे भिंतीला टेकून बसले होते आणि माझ्या डोक्यात आलं की आमची शिफ्ट अशी का बदलत नाही. आमच्याकडे दोनला पाच मिनिटं असताना सगळे हात धुऊन गेटकडे, आणि येणाऱ्याला कळत नाही की मशीन कुठल्या अवस्थेत आहे. त्यानंतर मी स्वतः दहा मिनिटं जास्त थांबायला लागले, मशीनजवळ उभं राहून पुढच्या शिफ्टच्या माणसाला तोंडी सांगायचं, आज काय अडलं, काय अर्धं राहिलं. कोणाला थांबा म्हटलं नाही. दोन महिन्यांत तिघी थांबायला लागल्या. उरलेल्यांची बस सुटायची, त्यांना मी कशी थांबवणार, मग बसची वेळ बदलून घ्यायला मी वर्षभर भांडले. सेवा म्हणजे मला तरी हीच वाटते, बसची वेळ बदलून घेणं.

आता तुझ्या त्या ऑपरेटरकडे येऊ. स्टीफन कोवीच्या १९८९ च्या पुस्तकात ती दोन वर्तुळं आहेत ना, आपल्याला काळजी वाटते त्या गोष्टींचं मोठं आणि आपल्या हातात आहे त्यांचं छोटं, तुझ्या चाळीसमध्ये नक्की असणार ते. तो तुझ्याबद्दल काय विचार करतो हे मोठ्या वर्तुळात. तू त्याच्याशी बोललास की नाही हे छोट्यात. बस, एवढ्यापुरतं ते पुस्तक वापर.

केबिनमध्ये बोलावू नको, सगळ्यांसमोर तर अजिबात नको. कँटीनमध्ये गर्दी कमी असताना, नाहीतर गेटवर बसची वाट बघताना गाठ. तो वयाने मोठा आहे तर तुम्ही म्हण, नावापुढे बाब लाव, आपल्याकडे तेवढ्याने पण माणूस अर्धा खाली येतो. सुरुवातीलाच पुस्तकातलं कौतुक नको, माझं काय झालं ते वाचलंसच. सरळ सांग की आठ महिने मी तुमच्याशी बोलायचं टाळलं, ती माझी चूक. मग विचार, ही जागा तुम्हाला मिळायला हवी होती असं वाटतं का. आणि त्यानंतर गप्प बस. हे सगळ्यात कठीण आहे, तुला वाटेल काहीतरी बोलून ती शांतता भरावी, भरू नको. तो कदाचित शिवी देईल, कदाचित पंधरा वर्षांचं साठलेलं सांगेल, कदाचित काही नाही म्हणून उठून जाईल. तिन्ही चालतील.

त्यानंतर एकच गोष्ट माग, जिच्यावर तडजोड नाही. दहा तक्रारी एकदम काढल्यास तर काहीच होणार नाही. समजा शिफ्ट बदलताना लॉगबुक भरून जायचं, एवढीच. बाकी त्याने मशीन कसं लावायचं ते त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, तिथे त्यालाच विचार, आणि खरंच विचारायचं असेल तरच विचार.

आणि जायच्या आधी घरी दोन ओळी लिहून काढ. पीटर गोलवित्झर म्हणून जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं काम याच्यावरच आहे, की मी हे करीन असं नुसतं ठरवण्यापेक्षा अमुक झालं तर मी तमुक करीन असं आधीच ठरवलं तर ते हातून होण्याची शक्यता वाढते. तेव्हा लिही, तो मान फिरवून निघून गेला, तर मी त्याच्या मागे जाणार नाही, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत येईन. त्याने आवाज चढवला, तर मी माझा खाली आणीन. तुझ्या त्या चाळीस पुस्तकांच्या नोट्सपेक्षा ही चिठ्ठी जास्त कामाची. दोन-तीनदा बोलूनही लॉगबुक कोरंच राहिलं तर मग तारखा घालून लिहून ठेव आणि मॅनेजरकडे जा, त्यात तू हरलास असं नाही. माझ्याकडे पण एक होता, चार वर्षांत जमलं नाही, शेवटी त्याची दुसऱ्या सेक्शनला बदली झाली आणि आम्ही दोघांनीही सुटकेचा श्वास सोडला.

देवळात जातो पण मनातून पटत नाही, हा दांभिकपणा आहे का, असं पण विचारलंस. मला नाही वाटत. दांभिकपणा म्हणजे पटल्याचं दाखवून त्याचा फायदा घेणं. तू वडिलांसोबत जातोस, बाजूला बसतोस, भजनात टाळ धरतोस, तर धर की. आतलं पटणं कधी येतं, कधी येत नाही, माझ्यात पण ते सारखं नसतं, पावसाळ्यातल्या विजेसारखं येतं-जातं.

आता पुस्तक कुठलं, हे विचारलंस म्हणून सांगते. नवीन काही घेऊ नको सहा महिने. वडिलांसोबत दासबोधाचा रोज एक समास, मोठ्याने, एका दिवशी ते वाचतील, एका दिवशी तू. समास संपला की ग्रंथ बंद करून एकमेकांना सांगायचं काय कळलं. आणि तुझ्या चाळीसमधलं एक निवड, जे वाचताना तुला राग आला होता ते, आवडलेलं नाही. ज्याचा राग आला त्यात बहुतेक तुझ्याबद्दल काहीतरी खरं लिहिलेलं असतं. त्यानंतर वाचावंसं वाटलंच तर पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीचं कार्ड काढ, १८३२ पासूनची संस्था आहे, मराठी पुस्तकं ढिगाने आहेत, आणि परत द्यायची तारीख असते म्हणून माणूस वाचतो तरी. विकत घेतलेलं पुस्तक काय, उद्या वाचू म्हणून पडून राहतं.

आणि वडील म्हणाले म्हणून ती चाळीस फेकू मात्र नको. फक्त आता जून येईल, डिचोलीकडे भिंतीला ओल धरते, पुस्तकं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेव, मधे मधे कापराच्या वड्या टाक आणि ऊन पडलं की कपाटाचं दार उघडं ठेव. माझी ती तीन लीडरशिपची पुस्तकं त्याच वर्षीच्या पावसात बुरशीने गेली. बोलून झालं की इथेच खाली लिही, काय म्हणाला तो ते.